धावड्याचा कोळसा

अरे, मला अजून खरं वाटत नाही! नायगावात आमच्या चाळीसमोरच्या कोळशाच्या वखारीत एक म्हातारा पोती उतरवायचा. नाव कधी विचारलं नाही. त्याची सवय भारी होती. मोठा तुकडा दिसला की दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकायचा आणि कोळसा कुठल्या झाडाचा ते सांगायचा, "हा धावडा. हा खैर."

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला निघताना मी मस्करी केली, "काय मामा, कोळसा बोलतो काय?"

तो हसला नाही. म्हणाला, "ह्यो आमच्या माणदेशातल्या डोंगरावरचा. झऱ्याच्या वरची राई आज्याच्या काळापासनं कुणी तोडली नव्हती. दुष्काळात ठेकेदार आला, मजुरी देतो म्हणाला. आम्हीच तोडली, आम्हीच कोळसा पाडला. दोन वर्सांत झरा आटला. खालची तिन्ही गावं उठली. माझी म्हातारी तेवढी हटत न्हाई, झऱ्यापाशी बसून ऱ्हाती."

मी हादरलोच! आमच्या शेगडीत रोज हेच जळत होतं! म्हटलं, "मोर्चाला चला ना, मामा."

"येतो की," हात झटकत तो म्हणाला. "मुंबई मिळंल, पोरा. डोंगर कुणाकडं मागू?"

तो खरंच आला, आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडला. माझ्या तोंडून मात्र घोषणा फुटेचना.