रिटाचं घर गावभर

चौऱ्याण्णव साली रिटा ऑस्ट्रेलियाला गेली, तेव्हा तिचा सगळा संसार गिरीज गावात मोठ्या बहिणीच्या, आल्बिनाच्या ओट्यावर येऊन पडला. सागवानी टेबल, शोकेस, शिलाई मशीन, पाळणा, भांडीकुंडी. "बाय, जमेल तसं विकून टाक," एवढं बोलून रिटा तान्ह्या पोराला छातीशी धरून गाडीत बसली.

आल्बिना तेव्हा चाळिशीला टेकलेली. नवरा प्लासिड वालीवच्या एका कारखान्यात कामाला, पदरी मूल नाही. आई लवकर गेली म्हणून रिटाला तिनंच न्हाऊमाखू घातलेलं, वेण्या घालून शाळेत धाडलेलं. विकायला तिचं मन होईना. पण ओट्यावरची शोकेस बघून लोक आपणहून विचारू लागले. स्टेशनकडे नव्या इमारती उठत होत्या आणि मुंबईहून तिथं राहायला येणाऱ्यांना सगळंच हवं होतं. पावसाळ्याआधी ओटा मोकळा झाला. शेवटी पाळणा न्यायला माणसं आली, तेव्हा ती आत जाऊन बसली. बोलणी प्लासिडनं उरकली.

मग गावातलेच लोक यायला लागले. कुणी मस्कतला निघालेलं, कुणी कॅनडाला. "रिटाचं विकलंत, तसं आमचंही विका." सामान ठेवून घ्यायचं, विकलं की मालकाच्या घरी पैसे पोचते करायचे, आपला वाटा आपण ठेवायचा. अशी सुरुवात झाली आणि पुढं पारनाक्याजवळ गाळाच घ्यावा लागला. दुकान झकास चाललं, कारण आल्बिना गिऱ्हाइकाला खोटं सांगत नसे. "पंखा कुरकुर करतो, पण वारा चांगला देतो." "कपाटाचं कुलूप रुसतं, जरा दाबून फिरवा." पार कळंब गावापासून माणसं यायची, तिचं नाव विचारत यायची.

निघालेली माणसं हसत हसत टेम्पोतून सामान उतरवायची. आल्बिना पावती करायची आणि मनात म्हणायची, ह्यांच्याही मागं कुणीतरी दारात उभं राहिलं असेल.

रिटाचा फोन नाताळला यायचा आणि ईस्टरला. तोही घाईत. आल्बिनाच्या ओठांवर असायचं, आठवण येते का गो? पण तोंडातून निघायचं, "तिथं हवा बरी आहे का?" रिटा म्हणायची, "आहे." हळूहळू आल्बिनानं मनाशी ठरवून टाकलं, की पोर विसरली.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात रिटा आली. नवरा-पोराला तिकडंच ठेवून, एकटीच. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "बाय, माझं टेबल कुणी घेतलं?"

"मंदानं. राऊतांच्या."

"जाऊया?"

राऊतांची केळीची वाडी जवळच होती. मंदाच्या स्वयंपाकघरात टेबल खिडकीशी लावलेलं, त्यावर भाजी निवडून ठेवलेली. रिटानं त्यावरून हात फिरवला. एका काळ्या गोल डागावर तो थांबला.

"हा माझ्या कुकरचा."

मंदा ओशाळली. "घेऊन जा गो. तुझंच आहे."

"नको. फक्त ह्याच्यावर चहा पिऊ दे."

तिनं दोन कप चहा घेतला, अगदी सावकाश.

मग दोघी घरोघर फिरल्या. शोकेस स्टेशनजवळच्या एका फ्लॅटमध्ये होती, पोरांच्या बक्षिसांनी भरलेली. मशीनवर गावातली एक सून परकर शिवत होती. पाळणा मात्र मिळेना. ज्यांनी नेला त्यांनी तो पुढं कुणाला दिला होता, त्यांनी आणखी कुणाला. रिटा रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसली आणि रडायला लागली.

"तो तरी ठेवायचास, बाय."

"तूच म्हणालीस विकून टाक."

"मी म्हणाले. तू ऐकलंस कशाला?"

आल्बिना शेजारी टेकली. रिटा डोळे पुसत म्हणाली, "तिथंही जुन्या सामानाचं दुकान आहे. शनिवारी जाऊन उभी राहते. घेत काहीच नाही. जुन्या लाकडाचा वास येतो ना, तेवढ्यासाठी. दुकानवाली विचारते, काय हवंय? काय सांगू तिला?"

"मग फोनवर कधी बोलली नाहीस ते?"

"बोलले असते तर तिथं राहता आलं नसतं मला."

आल्बिनानं तिचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं. इतकी वर्षं आपण उगाच रुसून बसलो, असं तिला वाटलं. आणि त्याच वेळी हेही वाटलं, की विसरली असती तर पोर सुखात तरी राहिली असती.

महिन्यानं रिटा परत गेली. दुकान वाढतच राहिलं, शेजारचा गाळाही आल्बिनानं घेतला. पण आता सामान ठेवायला कुणी आलं की ती आधी विचारायची, "मागं कोण आहे?" आई असली, बहीण असली, तर एखादी वस्तू बाजूला काढून द्यायची. "ही तिच्याकडे ठेव. विकायला नाही, वापरायला." कुणी ऐकायचं, कुणी हसून सोडून द्यायचं. प्लासिड कुरकुरायचा, "अशानं धंदा होतो का?"

रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की रिटाचा फोन येऊ लागला. बोलण्यासारखं सगळं बोलून व्हायचं, तरी दोघींपैकी कुणी फोन ठेवत नसे. तिकडून एखादी गाडी गेल्याचा आवाज यायचा. इकडं कोंबडा आरवला की रिटा विचारायची, "कुणाचा गो?"

आल्बिना सांगायची.