पाच शे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण आमच्या जळगावच्या पेपरच्या इतिहासाची पुरवणी यंदा माझ्याकडे आली आहे आणि तिच्यातली एक आठवण खोटी आहे.

बाकीचा इतिहास कसा झक्कास आहे! खिळे जुळवण्याचे दिवस, मशीन अडलं की नारळ फोडणारे मशीनमन, पहाटे धुळ्याकडे गठ्ठे घेऊन सुटणारी ती खडखडती जीप — लिहिताना मी एकटीच हसते. आणि मग येते 'भरीत-पंगत'. वार्ताहराची जीभ घसरली, पाचशे जणांना जेवणाचं आवतण छापून आलं, पंचक्रोशी लोटली आणि तेव्हापासून त्या वार्ताहराच्या गावात दर हिवाळ्यात पंगत बसते. वाचक या आठवणीवर जीव टाकतात. मीही टाकते. खोटी आहे म्हणून काय गोड लागायची थांबते?

मी मूळची मुक्ताईनगरची. नोकरीला आले तेव्हा संपादकांनी विचारलं होतं, "अहिराणी येते ना?" मी म्हणाले, "येते की!" कुठली यायला? आमच्याकडची बोली निराळी. अहिराणी मी लग्नाच्या बँडवर ऐकलेली, तेवढीच. पण त्या 'येते की'वर मला धुळ्याचं पान मिळालं.

त्या पानासाठी धुळ्याकडच्या एका खेड्यातून आबा बातम्या सांगायचे, फोनवरून. शिंपीकाम करायचे आणि दुकानाच्या पाटीवर 'टेलर' या शब्दाच्या वर, त्याहून मोठ्या अक्षरांत 'वार्ताहर' रंगवून घेतलेलं. एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज आनंदानं नुसता फुटत होता. "ताई, मन्या नातनं बारसं शे! भरीतनं जेवन शे, बठ्ठासले आवतन शे!" ऑफिसात गलका, फोनला खरखर. मी ओरडून विचारलं, "किती?" ते म्हणाले, "पाच शे!"

मी लिहिलं — पाचशे जणांना भरिताचं जेवण, सर्वांना आमंत्रण.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी मलाच तिकडे धाडलं. काय सांगू तुम्हाला! टेम्पो भरून माणसं, सायकली, बैलगाड्या. आबांनी मांडव घातला होता आपल्या गल्लीपुरता. पण गाव हटलं नाही. कुणी वांग्यांची पोती आणली, कुणी जाळायला पऱ्हाट्यांचे, कापसाच्या वाळक्या झाडांचे, भारे. वांगी भाजल्याचा वास थेट फाट्यापर्यंत. घराघरांतून कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरी टोपल्या भरून येत होत्या, आणि पाळण्यातली पोर या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती. इतकं आनंदी गर्दीचं जेवण मी पुन्हा पाहिलं नाही.

आबांच्या पत्नी, अक्का, माझ्या ताटात भरीत वाढताना हसत म्हणाल्या, "टाइम ते पाच शे, आन् लोके तीनपाईनच ई ऱ्हायनात!"

पाच शे. पाच आहे. पाच वाजता!

वेळ पाचची, आणि लोक तीनपासूनच येताहेत, असं अक्का म्हणत होत्या. मी माणसं विचारली होती, आबांनी वेळ सांगितली होती. तिथेच बोलले असते तर? सगळे पोट धरून हसले असते आणि आणखी एक भाकरी वाढली असती. मी — गप्प जेवले.

उशिरा पोचलेल्यांना भरीत उरलं नव्हतं. त्यांनी ऑफिसात फोन करून संपादकांना फैलावर घेतलं. संपादकांनी मला बोलावलं. मी म्हणाले — थांबा, हे नीट सांगते — मी म्हणाले, "सर, आबांनीच पाचशे माणसं सांगितली." त्यांनी माझ्यासमोर आबांना फोन लावला, आवाज खोलीभर ऐकू येईल असा. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "व्हय साहेब. मनीच जीभ घसरनी."

का म्हणाले ते तसं? मी नवी होते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून? मी कधी विचारलं नाही. त्यांचं वार्ताहरपण काढून घेतलं. पुढच्या हिवाळ्यात गेले तेव्हा पाटीवर 'टेलर' तेवढं उरलं होतं. वरचा शब्द निळ्या रंगाखाली गेला होता.

मी दर वर्षी जाते. ती पोर आता कॉलेजात आहे, वाढायचा डाव हातात घेऊन पंगतीत मिरवते. आबा माझ्याच शेजारी बसतात, आग्रह करकरून वाढायला लावतात, आणि कुणी चिडवलं की म्हणतात, "हाऊ मनाच पराक्रम शे!" सगळे हसतात. मीही हसते. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसत आले आहे.

पुरवणीचं ते पान आज छपाईला सुटलं. 'वार्ताहराची जीभ घसरली' हे वाक्य मी काढलं आणि तिथे माझं नाव घातलं. उद्या पेपर त्या गावात जाईल. आबा चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचतात, तेव्हा तिथवर यायला त्यांना वेळ लागेल.

आबा बरोबर बोलले होते. पाच शे.