सलोमीबाईंचं परिपूर्ण घर

आर्णीच्या ख्रिस्ती वस्तीत सलोमीबाईंच्या दारात कुणी आलं की आधी स्वतःचे पाय बघायचं. बाई नीटनेटक्या, पण असल्या नीटनेटक्या की देव वाचवो! सुनेनं घासलेलं भांडं पुन्हा घासायच्या, सुनेनं घातलेली घडी मोडून पुन्हा घालायच्या, सुनेची प्रार्थना जरा लांबली की मध्येच आमेन म्हणून मोकळ्या. वर म्हणायच्या, मी कुठं तिला काही बोलते? खरंच बोलत नव्हत्या. नुसतं पुन्हा करत होत्या, आणि त्यानंच तर माणसाचा जीव जातो.

बाईंचं म्हणणं, स्वर्गातला बाप परिपूर्ण आहे तसे तुम्हीही व्हा, असं प्रभूनंच सांगून ठेवलंय. पाळक शांतवनजींनी एकदा धीर करून समजावलं, की बाई, प्रभू हे बोलले ते शत्रूवर प्रीती करा हे सांगून झाल्यावर; ही परिपूर्णता प्रेमातली, भांड्याघड्यांची नव्हे. बाई म्हणाल्या, मग माझा काय संबंध? जमनी काय माझी शत्रू आहे? सून आहे. पाळक बिचारे चहा पिऊन गेले.

शेवटी जमनी विटली. बाईंचा एकुलता लेक देवदान पांढरकवड्याला ट्रकच्या गॅरेजात लागला आणि नवराबायको बिऱ्हाड घेऊन गेली. घर लखलखीत राहू लागलं आणि बाईंना खायला उठलं. परत या, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण तेवढंच काही तोंडातून निघेना.

बासष्ट सालच्या पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, दोघं यायची होती. जमनीनं नवऱ्याला बजावलं होतं, की आत्याबाईंची तीच तऱ्हा दिसली तर सोमवारच्या पहिल्या मोटारीनं परत, आणि पुन्हा आर्णीचं नाव काढायचं नाही. वस्तीत असलं लपतं थोडंच? बाईंच्या कानावर आलं आणि त्यांची झोप उडाली. आता काही म्हणता काही चुकता कामा नये, असं त्यांनी घेतलं.

सणाच्या उपासनेत प्रभूच्या आठवणीला भाकरीबरोबर घोटभर द्राक्षरस देतात, तो प्रभुभोजनाचा रस बाईच करायच्या. मंडळीत दारू वर्ज्य, म्हणून मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या नि गाळायच्या. हे काम शनिवारी रात्रीचं. पण ऐनवेळी घोटाळा नको म्हणून बाईंनी रस मंगळवारीच केला, फडकी बदलून बदलून गाळला आणि बाटलीला घट्ट बूच ठोकलं. एप्रिलातल्या उन्हाळ्याला मात्र त्यांनी विचारलं नव्हतं.

रविवारी पाळकांनी मेजाशी बाटली उघडली आणि फट्ट! बूच छपराला लागून बायकांत पडलं, पांढऱ्या चादरीवर फेस सांडला. मागच्या बाकावर उकंडाजी होते. सगळ्या मंडळीसमोर शपथ घेऊन दारू सोडलेला माणूस. त्यांनी नाक वर केलं आणि भक्तिभावानं म्हणाले, "हा वास माह्या ओळखीचा हाय."

मंडळीत खसखस पिकली. शेजारीण म्हणाली, दुकानदारानं मनुकाच सडक्या दिल्या असतील. बाईंना सुटायला वाट मिळाली होती. त्यांनी जमनीकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती, आता दोष कुणावर जातो याची वाट पाहत. बाई उठल्या.

"मनुका चांगल्या होत्या," त्या म्हणाल्या. "माह्यंच चुकलं. मी घाई केली."

पाळकांनी मंडळीला गाणी म्हणायला लावलं आणि दोघी सासूसुना नवा रस करायला घरी धावल्या. जमनीनं कोमट पाण्यात मनुका टाकल्या आणि हातानंच भसाभसा कुस्करल्या. सालं, बिया, सगळं रसात. बाईंचा हात दोनदा फडक्याकडे गेला. दोन्हीदा त्यांनी तो पदराखाली घेतला. आणि इतके दिवस तोंडातून न निघालेलं एकदाचं बाहेर पडलं, "तुमी गेल्यापासून मले करमत नाही वं, जमने."

जमनीचे हात थांबले. डोळे भरून आले, तरी तिला हसूही आवरेना.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमचंबी चुकते म्हणता, मंग मले राह्यता येईन इथं."