नूरीचा मऊ ब्रश

नूरीच्या मानेवरचा चट्टा तिसऱ्यांदा उगवला तेव्हा मी आधी आमच्या दवाखान्यातला ड्रेसर वानखडे याच्यावर ओरडलो. त्याचा काडीचाही दोष नव्हता. पण मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, नोकरी नवी होती आणि रागही नवाकोरा होता.

"मलम नीट लावलं होतं ना हो वानखडे?"

"लावलं ना साहेब. तुमच्या समोरच लावलं."

"मग हे काय आहे?"

"मी काय सांगू? घोडीलेच इचारा."

घोडी मान खाली घालून उभी होती. तिच्या शेजारी करीमचाचा, तेही मान खाली घालून. कारंजा लाडच्या एस.टी. स्टँडवर ज्यांचे टांगे लागायचे, त्यातले हे सगळ्यात जुने. स्टँडवरून मंदिरापर्यंत, मंदिरापासून बाजारापर्यंत, त्यांची नूरी सगळ्या गावाला ठाऊक होती. राखाडी रंगाची, मोठ्या डोळ्यांची, स्वभावानं गरीब. मानेवर रुपयाएवढा गोल चट्टा. केस गेलेले, कातडी खवल्यांची.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. वाशिम जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात मोडायचो. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. नगरपालिका दर वर्षी टांग्यांचं पासिंग करायची. टांगा धड आहे का ते त्यांचा माणूस बघायचा आणि घोडा धड आहे का ते मी. माझी सही नसेल तर टांगा रस्त्यावर आणायचा नाही. पासिंगला आठ दिवस उरले होते. नूरीला झालं होतं गजकर्ण, म्हणजे माणसाला होतं तेच, बुरशीचा रोग. एका घोड्याचा दुसऱ्याला लागतो, माणसालाही लागतो. तो अंगावर असताना सही करता येत नाही. चाचांच्या घरात दुसरा घोडा नव्हता आणि दुसरा कमावता माणूसही नव्हता.

आता गजकर्णाची एक गंमत सांगतो. ही बुरशी हवेतून उडी मारून येत नाही. ती गळलेल्या केसांत, कोंड्यात बसून राहते आणि साज, झूल, ब्रश यांच्यावरून परत अंगावर जाते. घोड्याला औषध लावलं आणि ब्रश तोच ठेवला, तर आपण रोज सकाळी आपल्याच हातानं रोग परत पेरतो. पहिला चट्टा आला तेव्हाच मी चाचांना विचारलं होतं, "खरारा कशानं करता?" खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करणं, आणि ज्या दातेरी लोखंडी फणीनं घासतात तिलाही खराराच म्हणतात. चाचांनी एक जुना ब्रश दाखवला. लाकूड झिजून त्यांच्या बोटांच्या आकाराचं झालेलं. घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, वडिलांच्या हातचा.

"हा जाळून टाका," मी म्हणालो. "नवा मी आणून देतो."

अकोल्याला मीटिंग होती, तिथून मी पूर्ण किट घेऊन आलो. खरं सांगतो, मला ते निवडायला मजा आली. दुकानदार कंटाळला पण मी नाही. चिखल आणि वाळलेला घाम सुटा करायला खरारा. पाय आणि खुरांच्या वरचा भाग घासायला काथ्याचा राठ ब्रश. खुरात अडकलेले खडे काढायला आकडा. तोंड आणि डोळे पुसायला मऊ फडकं, कारण तिथं ब्रश लावायचाच नाही. आणि मुख्य म्हणजे अंगावरून फिरवायचा मऊ ब्रश. खराऱ्यानं सुटलेला कोंडा हा उचलतो, कातडीचं तेल केसांवर पसरवतो. तो निवडायला मी दुकानात पाच-सहा ब्रश स्वतःच्या गालावर फिरवून बघितले. एक तर इतका छान होता, पांढरट, दाट, लवचिक केसांचा, की मी लगेच म्हणालो, हाच. ठेवायला झाकणाची पत्र्याची पेटी घेतली, तबेल्यात उंदीर असतात म्हणून.

चाचांनी पेटी दोन्ही हातांनी घेतली. प्रत्येक वस्तू काढून बघितली. मऊ ब्रश जरा जास्त वेळ बघितला. अंगठ्यानं केसांची टोकं उलगडली, मग बोट पटकन मागे घेतलं. "लय मेहरबानी साहेब," म्हणाले आणि झाकण लावलं. मी ते पाहिलं. पण मला वाटलं, म्हातारा भारावला असेल.

त्यानंतर चट्टा बरा व्हायला लागला की परत यायचा. आधी दुसरा, आणि आता हा तिसरा. एवढं किट देऊनसुद्धा! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. औषध बरोबर, निदान बरोबर, मग बुरशी येते कुठून? त्याच दुपारी वानखडेला सायकलवर मागे बसवलं आणि न सांगता चाचांच्या घरी गेलो.

घर एका खोलीचं, बाजूला पत्र्याचा तबेला. चाचा बाहेर बाजेवर बसले होते. मला बघून गडबडून उठले. मी सरळ म्हणालो, "चाचा, पेटी दाखवा."

पेटी उघडली. पहिली चूक माझीच सापडली. आत कोंदट वास. काथ्याचा ब्रश ओला ठेवलेला, पत्र्याला आतून घाम सुटलेला, लाकडावर पांढरी बुरशी चढलेली. झाकणबंद पेटीत ओला ब्रश म्हणजे बुरशीला घर बांधून दिल्यासारखं. मी जीभ चावली. पण खरारा वापरून झिजला होता, आकडा वापरला होता. मऊ ब्रश मात्र पेटीत नव्हता.

"तो कुठाय?"

वानखडेनं वर बोट दाखवलं. आढ्याला, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून काहीतरी खोचलं होतं. खाली काढलं. माझा ब्रश. एक केससुद्धा वाकलेला नव्हता. आणि खुंटीला लटकत होता तो जुना ब्रश, जो जाळायला सांगितला होता.

माझं डोकं सणकलं. आणि ते फक्त डॉक्टरचं डोकं नव्हतं. मी रिठद गावचा. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो, त्यामुळे त्याच्या आधीचं मला नीट आठवतं. कुणी आम्हाला दिलेलं भांडं कसं परत घ्यायचे, आमचा हात लागलेली वस्तू कशी बाजूला ठेवायचे, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. ती वस्तू अशीच ठेवतात. दूर, उंच, कागदात.

"माझा हात लागला म्हणून का, चाचा?" मी विचारलं. आवाज मलाच ओळखू आला नाही. "तसं असेल तर तोंडावर सांगायचं होतं."

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना आधी कळलंच नाही मी काय म्हणतोय. कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही कान पकडले. "तोबा, तोबा! काय बोलून राह्यले साहेब? या घरात तुमी दोनदा जेवले. माह्या ताटातली भाकर तोडून खाल्ली तुमी."

खरं होतं ते. रागात मी ते विसरलो होतो.

"मग काहून वापरला नाही?" वानखडेनं विचारलं.

चाचांनी दाराकडे बघितलं. दाराआडून चाचीच म्हणाल्या, "सांगून टाका ना आता. साहेब, ते सुवराचे केस हायत. आमच्यात हात नाही लावत."

मी ब्रश उजेडात धरला. चाचा जवळ आले, पण हात न लावता काडीनं दाखवायला लागले. "पाहा, या केसाचं टोक. दोन-तीन फाटे फुटलेले हायत ना? सुवराचा केस असाच राह्यते. घोड्याच्या शेपटीचा केस टोकापर्यंत एकच. माहे वालिद ब्रश बांधायचे, त्यायनं शिकवलं."

मी बघतच राहिलो. खरंच फाटे होते. कॉलेजात मी डुकराची कातडी शिकलो होतो, परीक्षेत चित्र काढलं होतं, आणि दुकानात तोच केस गालावर फिरवून खूश झालो होतो! लाज वाटली, आणि त्या लाजेतसुद्धा वाटलं, बघा, किती साधी खूण आहे ही.

"पण मला सांगायचं तरी होतं."

"तुमी एवढ्या मायेनं आणला. तोंडावर नाही कसं म्हणू? मी म्हटलं, जुनाच साबणानं धुतो, चालून जाईन." मग ते म्हणाले, "तुमीबी इचारलं नाही, मीबी सांगतलं नाही. घोडीनं दोघाईचं भोगलं."

मी त्यांची माफी मागितली. चाचींनी चहा आणला, एकाच ट्रेमध्ये, सगळ्यांना सारखे कप, आणि तो मी मुकाट्यानं प्यायलो.

आता प्रश्न मऊ ब्रशचा. काथ्याचा अंगावर चालत नाही, नूरीची कातडी आधीच सोललेली. नवा शेपटीच्या केसांचा ब्रश बांधायला केस हवेत, आणि ते दुसऱ्या निरोगी घोड्याचे, पण पासिंगच्या तोंडावर आपल्या घोड्याची शेपटी कोण कापू देणार? वानखडे म्हणाला, "साहेब, आसेगावले एक जण केकताडाचे दोर वळते. चुन्याचे कुंचेबी करते. त्याले सांगून पाहू." केकताड म्हणजे बांधावर असतं ते काटेरी, जाड पानांचं झाड. पान कुजवून ठेचलं की आतून पांढरे धागे निघतात.

पुढच्या बाजाराला त्या दोरवाल्यानं पहिला कुंचा आणला. मी गालावर फिरवला. ओरखडा उठला. त्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं. "तुमच्या गालाचं काय काम हाये? घोडीले लावा." लावला. नूरीनं कातडी थरथरवली आणि एक पाय आपटला. "नाही आवडला बाईले," असं म्हणून त्यानं कुंचा परत नेला, धागे पुन्हा भिजवले, मोगरीनं ठेचले. दुसऱ्या खेपेला नूरीनं खालचा ओठ सैल सोडला. घोड्याला बरं वाटलं की ओठ असा लोंबतो. चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पत्र्याची पेटी बाद केली. बांबूची उघडी टोपली घेतली आणि तबेल्याबाहेर, उन्हात, शिंक्यात टांगली. ब्रश धुवायचा, झटकायचा, केस खाली करून वाळवायचा. उंदरांचा बंदोबस्त शिंक्यानं झाला. जुना ब्रश चाचांनी स्वतःच चुलीत घातला. वडिलांच्या हातचा होता. ते बराच वेळ चुलीपाशी बसून राहिले, आणि मी तिथून उठून बाहेर आलो.

आणि पासिंग? आठ दिवसांत गजकर्ण जात नाही. मी सही केली नाही. चाचांनी गळ घातली असती तर मला फार जड गेलं असतं, पण ते एवढंच म्हणाले, "नका करू. बाकीच्या घोड्याईले लागीन." दीड-दोन महिने त्यांचा टांगा उभा राहिला. स्टँडवरचे टांगेवाले पाळीपाळीनं आपला टांगा त्यांना दुपारभर हाकायला देत होते. मग चट्ट्यावर बारीक राखाडी लव आली. ती दाट झाली. मी भिंग घेऊन तासभर बघितलं, वानखडे म्हणाला, "आता केस मोजता का?" त्या दिवशी सही केली.

माझी बदली झाली तेव्हा चाचांनी मला नूरीच्याच टांग्यातून स्टँडवर सोडलं. बस सुटताना खिडकीतून एक पुडकं आत दिलं. तेच वर्तमानपत्र, तीच सुतळी. "तुमची अमानत," म्हणाले. पुडक्याला त्यांचा हात फक्त सुतळीपाशी लागला होता.

तो ब्रश आजही माझ्याकडे आहे. कोट झटकायला उत्तम आहे. नोकरीची पुढची सगळी वर्षं मी केस पेपरवर, जनावराचं वय, चारा, लेंडी-शेण, मागचा आजार, हे सगळं लिहून झाल्यावर खाली एक ओळ स्वतःच्या हातानं वाढवत आलो. वरिष्ठांनी दोनदा विचारलं की ही ओळ छापील फॉर्ममध्ये नाही, कशासाठी लिहिता? मी म्हणालो, राहू द्या. ती ओळ अशी होती: मालकाला चालेल का, विचारले.