झाकून दिलेला शेक

प्राप्तीच्या डोक्यात सध्या एकच खूळ होतं: वाकणारा दिवा. कागदासारख्या पातळ प्लास्टिकवर रसायनाचा डोळ्यांना जेमतेम दिसेल असा थर पसरायचा, तो तापत्या तव्यावर शेकायचा, वर धातूचा मुलामा द्यायचा आणि वीज सोडायची. की पट्टी उजळलीच पाहिजे! पण तिची पट्टी उजळायची ती अंगभर काळे डाग घेऊन. शेक कमी पडला तर थर कच्चा, जास्त झाला तर प्लास्टिकच आकसायचं. नवी मुंबईतल्या त्या प्रयोगशाळेत तिने किती पट्ट्या वाया घालवल्या, ते विचारूच नका.

रेवदंड्याला भाऊ अल्पेश घरचा ट्रकचा धंदा सांभाळायचा. "गणपतीपर्यंत तुझा दिवा पेटला तर ठीक, न्हायतर कायमची घरी ये, माझ्या हापिसात बस," असं त्याने बजावलं होतं, आणि ही बया तावातावाने हो म्हणून बसली होती. आता गणपती तोंडावर आले आणि हातात प्लास्टिकचा शेवटचा तुकडा उरला.

काचेच्या बंद पेटीत रबरी हातमोज्यांतून हात घालून तिने थर पसरलेला तो तुकडा तव्यावर ठेवला. पेटीतला पंखा घुमत होता. त्याची झुळूक ओल्या थरावरून गेली, आणि प्राप्तीच्या हातांनी तिला न विचारताच शेजारची काचेची वाटी उचलून तुकड्यावर पालथी घातली. घरी तिची आई कमळ गच्चीवर तांदळाचे पापड घालायची, तेव्हा वाऱ्याने कडा तडकू नयेत म्हणून त्यांवर टोपल्या पालथ्या घालायचं काम लहानपणापासून हिचंच.

मग ती भानावर आली. वाफ निघून जावी म्हणून थर उघडाच शेकायचा, हा इथला पक्का नियम!

"मॅडम, मी घोळ घातलाय," तिने विभागाच्या प्रमुख क्रांती मॅडमना सांगून टाकलं.

मॅडम पेटीत डोकावून बघत राहिल्या. "वाफ निघतेय कडेने, सावकाश. राहू दे आता तसंच."

मुलामा चढला, तारा जोडल्या. प्राप्तीने श्वास रोखून बटण दाबलं.

हिरवागार उजेड! या टोकापासून त्या टोकापर्यंत, डाग नाही की ठिपका नाही! तिने पट्टी बोटाभोवती वाकवली, तरी पठ्ठी आपली उजळलेलीच. प्राप्ती टुणकन उडी मारून मॅडमच्या गळ्यातच पडली.

"अगं, तो पंखा!" मॅडमही पोरीबाळींसारख्या ओरडल्या. "वाऱ्याने एक बाजू आधी वाळत होती! आता सगळ्या पट्ट्या झाकून शेकायच्या. आणि हे काम तूच पुढे न्यायचंस."

प्राप्तीने तिथूनच घरी फोन लावला. "आये, पेटला! तुझ्या पापडासारखा झाकला न् पेटला!"

पलीकडे कमळ खदखदून हसली, अल्पेशला हाका मारू लागली. मग म्हणाली, "मंग बाय, आता तू घरा न्हाय यायची. अल्पेशनं तुझ्या खोलीला रंग आणून ठेवलाय."

इतका वेळ नाचणाऱ्या प्राप्तीला हे आत्ता कळलं.

"न्हाय यायची गं, आये," ती म्हणाली, आणि आनंदाच्या त्या भरातच तिला रडू फुटलं.