कपाटातला निळा डबा

आमच्या ड्युटी रूममध्ये दोन गोष्टी साठतात, पेढ्यांचे रिकामे बॉक्स आणि किस्से. बॉक्स रद्दीत जातात, किस्से मात्र चहाबरोबर पुन्हा पुन्हा निघतात. धुळ्याच्या एका मॅटर्निटी होममध्ये एकवीस वर्षं लेबर रूम सांभाळते आहे मी, त्यामुळे हसवणारे किस्से पोत्याने आहेत. पण हे निळ्या डब्याचे सांगायला लागले की माझा आवाज चढतो. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणतात, "सिस्टर, बीपी!" चढू दे.

निळा डबा म्हणजे नाळेच्या रक्ताचं किट. बाळ झालं की नाळेत आणि वारेत थोडं रक्त उरतं, त्यात स्टेम सेल्स असतात. ते डब्यातल्या पिशवीत घ्यायचं, बँकेत पाठवायचं आणि तिथे गोठवून ठेवायचं, पुढे कधी आजारपणात लागलं तर. अशा एका बँकेचा माणूस आमच्याकडे यायचा. निखिल नाव. पांढरा शर्ट, गळ्यात कार्ड, पाठीवर बॅग आणि जिभेवर साखर.

*

माझं माहेर पहूरचं. तिथे भाचीचं डोहाळजेवण होतं. पोरीला फुलांचे दागिने घातलेले, ओटी भरणं चाललेलं, आणि बघते तर निखिल तिथे हजर! जावयानेच बोलावलेला. बाया गाणी म्हणायच्या थांबल्या तशी याने लॅपटॉप उघडला आणि सुरू झाला, "उद्या तुमच्या बाळाला ब्लड कॅन्सर झाला तर?"

माझी काकू हातातला नारळ घेऊन उठली. "भाऊ, ओटी भरेल पोर समोर बठेल शे, आनि तू रोगसनी यादी वाची राहिना? ऊठ आठून."

निखिल उठला. मीही मनात म्हटलं, बरी जिरली. पण जेवणं झाल्यावर बघते तर मांडवामागे जावई फॉर्मवर सही करत होता. मी विचारलं, "अहो, कशाला?" तर म्हणे, "मावशी, आता ऐकलं ना. आता झोप कशी लागेल?"

भीती घालायची आणि मग तिचंच औषध विकायचं. याला धंदा म्हणतात.

*

आमची आया सुमनअक्का. शाळा चौथीपर्यंत, पण बाळंतपणं हजारांनी पाहिलेली. आमच्या मॅडम बाळ झाल्यावर लगेच नाळ कापत नाहीत. थोडं थांबतात, नाळेतलं रक्त बाळाकडे जाऊ देतात. तेवढं अंगात गेलं की बाळाला पुढे रक्त कमी पडत नाही.

एकदा निखिल लेबर रूमच्या दाराबाहेरून सांगतो, "सिस्टर, नाळ जरा लवकर क्लॅम्प करा ना. बॅग भरली पाहिजे."

मी काही बोलायच्या आत सुमनअक्काने दार अर्धं उघडलं. "त्यानंच रगत शे ना? मग पहिले त्याले जाऊ द्या. उरनं ते तुले."

मॅडम मास्कच्या आत हसल्या. मला हसू नाही आलं. चौथी शिकलेल्या बाईला कळतं ते गळ्यात कार्ड घालणाऱ्याला कळत नाही, की कळून घ्यायचं नसतं?

*

एक शिक्षक जोडपं आलं होतं. त्यांच्यासमोर निखिलने आजारांची ही लांबलचक यादी काढली. मी मुद्दामच विचारलं, "यात थॅलेसेमिया लिहिलाय, तो तर रक्ताचा आनुवंशिक आजार. बाळाला जन्मतःच थॅलेसेमिया असला, तर त्याचंच साठवलेलं रक्त त्याला चालेल?"

"चालेल की! स्वतःचंच तर आहे."

मॅडम केस पेपर लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्या बियाण्यात खोट, तेच बियाणं पुन्हा पेरणार का तुम्ही?"

निखिल म्हणाला, "मॅडम, हा पॉइंट मी वर विचारतो." झालं त्याला वर्ष. अजून विचारतोच आहे.

*

आता मी ज्यासाठी चिडते ते ऐका. अशा रक्ताची आशा धरावी असं आमच्याकडे एकच घर आलं. नरडाण्याची रोहिणी. नवरा तिथल्याच एका कारखान्यात. मोठी मुलगी गुड्डी सहा वर्षांची, थॅलेसेमियाची. दर तीन आठवड्यांनी धुळ्याला येऊन रक्त चढवायचं. सुया टोचून टोचून नसा अशा झालेल्या की नर्सला हात धरून बसावं लागतं.

रोहिणीला दुसऱ्यांदा दिवस गेले. पोटातल्या बाळाची तपासणी झाली, त्याला तो आजार नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, या बाळाच्या नाळेचं रक्त ठेवा, गुड्डीशी जुळलं तर तिच्या कामाला येईल. जुळेलच असं नाही, पण ठेवा.

मी निखिलला फोन लावला. डोहाळजेवणात लॅपटॉप उघडून बसणारा हा माणूस म्हणतो, "सिस्टर, घरात आधीच पेशंट आहे? मग वेगळं अप्रूव्हल लागेल." फॉर्म तीनदा परत आला. मी भांडले, मॅडम भांडल्या. शेवटी एकदाचा डबा आला. मी त्यावर रोहिणीचं नाव लिहिलं, कपाटात ठेवला, किल्ली कमरेला लावली आणि तिला सांगितलं, "निर्धास्त राहा. डबा माझ्या कपाटात आहे."

*

त्याच सुमारास बाजारपेठेतल्या एका मोठ्या घरच्या सुनेचं सिझेरियन ठरलेलं होतं. त्यांच्या गुरुजींनी ऐन वेळी मुहूर्त बदलला. आठ दिवसांनंतरचा थेट उद्या सकाळी नऊ वाजून अकरा मिनिटांचा! सिझर अलीकडे ओढता आलं, कुरियर कसं ओढणार? त्यांचं किट अजून वाटेत.

ऑपरेशनच्या सकाळी निखिल घामाघूम होऊन आला. "सिस्टर, ते नरडाण्याचं किट द्या. त्यांची तारीख लांब आहे. परवा नवीन आणून ठेवतो, शब्द देतो."

सासरे बाहेर येरझारा घालत होते. मॅडम ऑपरेशनच्या तयारीत. त्यांना विचारायला हवं होतं. नाही विचारलं. किल्ली माझ्या कमरेला होती आणि मी दिलं. निखिलला शिव्या घालते ना मी, त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत.

तारखेच्या आधीच, दुसऱ्या दिवशी दुपारी रोहिणीला नरडाण्याहून रिक्षात घालून आणलं. दुसरं बाळंतपण, पंधरा मिनिटांत मोकळी झाली. बाळ रडलं. मॅडमनी हात पुढे केला, "किट." कपाट रिकामं. ब्लड बँकेतून साधी पिशवी आणायला माणूस पळवला, तो येईपर्यंत नाळेतल्या रक्ताच्या गाठी झाल्या होत्या.

सुमनअक्का वारेचं भांडं धरून उभी होती. "आते हाई काय करू?"

ते कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेलं, रोज जातं तसं.

रोहिणीने मला एवढंच विचारलं, "सिस्टर, तुम्ही सांगेल व्हतं ना, कपाटमा शे?"

मॅडम तिला म्हणाल्या, बाळ मोठं झालं की तपासू, जुळलं तर त्याच्या हाडातली मज्जा गुड्डीला देता येईल. तोवर गुड्डीच्या धुळ्याच्या फेऱ्या चालूच.

*

दीड महिन्याने रोहिणी बाळाला लस द्यायला आली. गुड्डी बरोबर होती. रांगेशेजारी निखिल बँकेचा नवा बोर्ड लावत होता. त्याने मला विचारलं, "हीच ना ती मुलगी? हिचा एक फोटो मिळाला असता. बोर्डावर खरी मुलगी असली की लोकांना पटतं."

मी तोंड उघडेपर्यंत तो गुड्डीसमोर गुडघ्यावर बसला, बॅगची चेन उघडली आणि मोबाइल शोधायला आत हात घातला.

गुड्डीने मुकाट्याने फ्रॉकची बाही वर केली आणि उजवा हात पुढे धरला.

"डावा नको काका. त्यानी नस सापडत नही."