हीटरभाऊंचा हिवाळा

गाडीला ‘ऊठ’ म्हणण्याआधी ‘उठतेस का?’ असं विचारणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. बोरीवली पूर्वेला आमच्या नाक्यावरच्या टेंपोस्टँडवर त्यांची पांढरी पिकअप उभी असायची. भाऊ आत चढायचे, किल्ली अर्धी फिरवायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून, फोटोला बसल्यासारखे बसायचे. समोर काट्यांच्या शेजारी गुंडाळलेल्या तारेसारखा एक नारिंगी दिवा लागतो. ‘इंजिनातले हीटर तापतायत, जरा दम धरा,’ असं तो दिवा सांगत असतो. तो विझला की मगच सेल्फ मारायचा. आता मे महिन्यातल्या बोरीवलीत तो दिवा लागतो न लागतो तोच विझतो. पण भाऊंचं बसणं तेवढंच. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवून आणि आयाबहिणींची आठवण काढून थकायचे. यावरून नाक्यानं त्यांचं नाव हीटरभाऊ ठेवलं आणि भाऊंनी ते एखादी पदवी मिळावी तसं घेतलं.

दिवाळीचे कंदील उतरले की भाऊंचा हिवाळा सुरू व्हायचा. बाकी मुंबईचा कधी सुरू होतो, हे मुंबईलाही कळत नाही. एखाद्या पहाटे पंखा दोनवर आणला की आपण ‘काय थंडी पडलीय’ म्हणून चहा वाढवून घेतो. भाऊंचं तसं नव्हतं. एक अख्खा रविवार ते बॉनेट उघडून उभे राहायचे. बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी बुरशी सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायची, वर बोटानं ग्रीस लावायचं. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढायचं. ऑइल बदलायचं ते थंडीत घट्ट न होणारं. एकेक हीटर काढून, तार लावून, तापतो का ते बघायचं. हे सगळं आमच्या बावीस डिग्रीच्या कडाक्यात!

स्टँडवर पप्या नावाचा एक तरणा ड्रायव्हर होता. भाऊंना छळणं हा त्याचा जोडधंदा.

“भाऊ, बोरीवलीत बर्फ कधी पडणार ते सांग ना. मी मफलर घेऊन ठेवतो.”

“बोरीवलीत नाही रे पडत. पण भाडं काय हवामान बघून येतं का?”

पप्या रेडिएटरमध्ये बाटलीनं नळाचं पाणी ओतायचा, जसं निम्मी मुंबई ओतते. ते पाहिलं की भाऊ ओरडायचे. “तुला सलाईन लावलं आणि नर्सनं त्यात नळाचं पाणी घातलं, तर चालेल का तुला?”

“थंड असेल तर चालेल,” पप्या म्हणायचा, आणि नाका हसायचा. पण गंमत अशी की भाऊंची पाठ वळली की तोच पप्या गुपचूप कूलंटचा डबा आणायचा. अशी ती शाळा होती. मुलं मास्तरांना हसत होती आणि धडा मात्र गिरवत होती.

हे शिक्षण भाऊंना मिळालं होतं दिल्ली लाईनवर. वाशिमकडून मुंबईत आलेलं कुटुंब, वाकोल्यात भाड्याची खोली आणि सतराव्या वर्षी हे ट्रकवर क्लीनर. पंजाबातल्या धुक्यात, ताडपत्री अंगावर घेऊन, ट्रक सुरू व्हायची वाट बघत त्यांनी कित्येक पहाटा काढल्या. त्यांचा उस्ताद म्हणायचा की थंडीत इंजिन म्हाताऱ्यासारखं असतं. हलवून उठवलंत तर दिवसभर कुरकुरतं.

मी हौशी नाटकांचे सेट बांधतो. राजवाडे, तुरुंग, चाळी, जे लागेल ते प्लायवूडमध्ये. वीस वर्षं माझे राजवाडे भाऊंच्याच पिकअपमधून फिरले. त्या दिव्यावरून मी त्यांची भरपूर थट्टा केली. एकदा तर म्हणालो, “भाऊ, तुम्ही बाबासाहेबांना मानणारी माणसं आणि ही असली अंधश्रद्धा?”

भाऊ शांतपणे म्हणाले, “अंधश्रद्धा म्हणजे न विचारता मानणं. मी विचारून मानलंय. तुम्ही न विचारता हसताय. आता सांगा, आंधळा कोण?”

 

आता एक गोष्ट सांगतो. निफाडच्या पुढे द्राक्षांच्या पट्ट्यातल्या एका गावच्या जत्रेत आमचा प्रयोग ठरला होता, ऐन जानेवारीत. भाऊंनी तीन महिने आधी ‘येतो’ म्हणून सांगितलं होतं. नंतर त्यांच्या प्रज्ञाचं, म्हणजे एकुलत्या एका लेकीचं, लग्न ठरलं, आणि बोरीवलीत हॉल मिळाला तो नेमका प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशीचा. सकाळी अकराचं लग्न. मी म्हणालो, “भाऊ, पप्याला पाठवा.”

“तिकडे पहाटे चार-पाच डिग्री असतं. पप्या किल्ली फिरवेल आणि तुमचा राजवाडा तिथेच ठेवून एसटीनं परत येईल. पाचला निघालो की साडेदहाला हॉलवर.”

“पण मुहूर्त चुकला तर?”

“आमच्यात मुहूर्त नसतो, हॉल असतो. मुहूर्त चुकला तर माणूस समजूत तरी घालून घेतो. हॉलची वेळ चुकली की दुसऱ्याची हळद आत येते.”

वहिनींनी मात्र घर डोक्यावर घेतलं. लेकीच्या हळदीला बाप नाही, हे त्यांना कसं पटावं? भाऊ एवढंच म्हणाले, “शब्द आधी दिलाय.” आणि निघाले.

प्रयोग झाला, सेट उतरवून गाडीत भरला. नटमंडळी बसनं पुढे गेली. भाऊ, मी आणि पिकअप असे तिघं तात्या नावाच्या एका बागायतदाराच्या अंगणात मुक्कामाला राहिलो. पहाटे साडेचारला उठलो तेव्हा माझे दात आपापसात बोलत होते. द्राक्षांना हिम लागू नये म्हणून तात्यांनी बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या आणि तो धूर वेलींच्या मांडवाखाली गोधडीसारखा पसरला होता. पिकअपच्या काचेवर दव गोठून पांढरा पापुद्रा आला होता.

भाऊ म्हणाले, “आंघोळ करून घेतो. घरी वेळ मिळणार नाही. लेकीच्या लग्नात बापाला डिझेलचा वास नको. तुम्ही तुमची पिशवी आत ठेवा. किल्लीला हात लावू नका.” आणि किल्ली माझ्या हातात देऊन गेले.

वाचकहो, काही माणसांच्या हातात किल्ली देऊन ‘हात लावू नका’ म्हणू नये. मला वाटलं, आपण उपकार करावेत. भाऊ आंघोळ करून येतील तर गाडी मस्त घुरघुरत असेल. लेकीच्या लग्नाची घाई आहे, दिव्याचे चोचले एक दिवस नको. मी चढलो, किल्ली एका झटक्यात पूर्ण फिरवली. खर्रर्रर्र. पुन्हा. खर्रर्र. मुंबईच्या माणसाची समजूत अशी की गाडी सुरू झाली नाही तर जोरात सुरू करावी. मी पुन्हा मारली, पुन्हा मारली. हेडलाइट लावून बघितले, ते का ते देवाला ठाऊक. खर्र. ख. मग नुसतं टक्.

भाऊ टॉवेल गुंडाळून बाहेर आले. डोक्यातून वाफा निघत होत्या. त्यांनी ते ‘टक्’ ऐकलं होतं. मी खाली उतरलो. सांगायला काही उरलंच नव्हतं.

“किती वेळा?” त्यांनी विचारलं.

“आठ... दहा असेल.”

त्यांनी डोळे मिटले. मी शिव्यांची वाट पाहत होतो. खरं सांगायचं तर शिव्या हव्या होत्या. पण भाऊ म्हणाले, “कपडे घालतो. दहा नंबरचा पाना काढून ठेवा.”

तात्या कानटोपी सावरत धावत आले. “ट्रॅक्टरला बांधून खेचू ना भाऊ! पोरगं घेऊन गेलंय खालच्या मळ्यात. बोलावतो, अर्ध्या-पाऊण तासात येईल.”

“बोलवा. तोवर आपण हिला उठवू.”

तात्यांच्या गड्यानं घमेल्यात निखारे भरून गाडीखाली सरकवायला आणले, तर भाऊंनी हातानंच अडवलं. “वर डिझेल, खाली विस्तव. लग्न आहे माझ्याकडे, दुसरं काही नाही.” त्यांनी बॅटरी सोडवली आणि लहान मूल उचलावं तशी छातीशी धरून तात्यांच्या न्हाणीघरात नेली. तिथला बंब नुकताच विझला होता. त्याच्या उबेत, फळीवर तिला ठेवलं आणि वर कोमट पाण्यात पिळलेलं गोणपाट टाकलं. बाहेर येऊन डिझेल फिल्टरवर तसंच फडकं गुंडाळलं. ते गार झालं की दुसरं. पंचवीस-तीस मिनिटं हा माणूस फडकी बदलत होता. फोन खिशात थरथरत होता, आणि घड्याळाकडे मी बघत होतो, ते नाही.

बॅटरी परत बसवली. “एकच सेल्फ मिळेल,” ते म्हणाले. क्लच पूर्ण दाबला. किल्ली अर्धी. नारिंगी दिवा लागला. एवढा वेळ जळताना तो मी पहिल्यांदाच पाहिला. विझला. भाऊंनी किल्ली मागे घेतली, पुन्हा अर्धी. दिवा पुन्हा लागला. माझ्या तोंडून “अहो भाऊ!” निघालं. त्यांनी मांडीवरचं एक बोट वर केलं, बस्स. दिवा विझला. खर्र... खर्र... आणि पिकअप खोकली, थरथरली, पांढऱ्या धुराचा एक लोट तात्यांच्या तोंडावर सोडून जागी झाली.

मी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी वाजवल्या. दार लावून ओरडलो, “चला!”

“थांबा.”

“आता काय?”

“ऑइल वर चढू दे. तीन मिनिटं.”

लेकीचं लग्न पावणेपाच तासांवर, मध्ये कसाऱ्याचा घाट आणि धुकं, आणि हा माणूस बसलाय. मला त्या क्षणी त्यांचा खून करावासा वाटला. आज वाटतं, एवढी घाई असताना आपल्या कामाशी एवढं प्रामाणिक राहणारा माणूस मला परत दिसला नाही. आम्ही फाटकातून बाहेर पडलो तेव्हा समोरून ट्रॅक्टर येत होता.

घाटाच्या अलीकडे भाऊंनी गाडी बाजूला घेतली आणि वहिनींना फोन केला. पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

“कुठे आहात? भन्ते यायला निघाले!”

“उशीर होईल. थंडीनं बॅटरी बसली.”

मी तोंड उघडलं. भाऊंनी फोनवर हात ठेवला. “तुम्ही गप्प बसा. तिचा राग आज माझ्यापुरता ठेवू. तुमच्यावर रागवली तर तुम्ही त्याचंही नाटक कराल.”

आम्ही पोचलो तेव्हा पावणेबारा वाजून गेले होते. प्रज्ञा पांढऱ्या साडीत स्टेजवर बसून होती. हॉलचा मॅनेजर दर पाच मिनिटांनी येऊन घड्याळ दाखवत होता आणि ती त्याला एकच सांगत होती, “बाबा आल्याशिवाय मी वंदनेला साधु म्हणणार नाही.” भाऊ धावत आत शिरले. वहिनींनी पांढरा शर्ट त्यांच्या अंगावर अक्षरशः फेकला. “वर्षभर थंडी थंडी करून लोकांना शहाणपण शिकवता, आणि लेकीच्या लग्नाला बॅटरी बसवून येता?” अख्ख्या नाक्यानं ते ऐकलं, कारण अख्खा नाका जेवायला आला होता. पप्या तर हसून हसून खुर्चीवरून घसरला. वंदना सुरू झाली. भाऊ लेकीच्या मागे उभे राहिले, शर्टाच्या कॉलरवर काळ्या अंगठ्याचा ठसा घेऊन.

लग्न झालं. पण नाक्यावरची शाळा सुटली ती सुटलीच. पुढच्या नोव्हेंबरात भाऊंनी बॉनेट उघडलं तर पप्या म्हणाला, “भाऊ, राहू दे ना यार. तुझीच बॅटरी बसली, आम्हाला काय शिकवतोस?” पोरं हसली. भाऊही हसले आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर कूलंटचे डबे गुपचूप आणणं बंद झालं. मी एकदा म्हणालो, “भाऊ, मी सांगून टाकतो.” तर म्हणाले, “कशाला? पोरं तुमच्या सेटला हात लावायची नाहीत. मला काय, माझी गाडी चालू होते.” मी गप्प राहिलो. पहिल्यांदा लाजेनं, नंतर सवयीनं. असे सहा हिवाळे गेले.

यंदा भाऊ गेले. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, नाका पुन्हा गोळा झाला. एकेक जण बोलत होता. पप्या बोलायला उभा राहिला आणि रडता रडता त्यानं बॅटरीचाच किस्सा सांगितला, प्रेमानं. वहिनी डोळे पुसत हसल्या. म्हणाल्या, “एवढं कळणारा माणूस, पण त्या दिवशी चुकला.”

मी उठलो.  म्हणालो, “वहिनी, ते चुकले नाहीत. किल्ली मी फिरवली होती. त्यांनी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. बॅटरी मी बसवली आणि त्यांनी उठवली.” मग न्हाणीघर, गोणपाट, दोनदा लागलेला दिवा, ती तीन मिनिटं, सगळं सांगितलं. कुठे थांबायचं ते न कळून शेवटी थांबलो.

 पप्या जमिनीकडे बघत होता. वहिनी उठल्या, पदर खोचला आणि आधी त्याच्याकडे वळल्या. “ऐकलंस का रे? तुझ्या भाऊंची बॅटरी बसली नव्हती. सांग आता सगळ्या नाक्याला.”

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आणि तुम्ही जेवल्याशिवाय जायचं नाही. रिकाम्या पोटच्या माणसाला मी शिव्या देत नाही.”